पायजम्याचे दोन पाय आणि एक हुक

गोव्यातलं दाबोळीचं नौदलाचं विमान म्युझियम सोमवारी बंद असतं हे मला गेटासमोर स्कूटर उभी केल्यावर कळलं. हेल्मेट काढलं, कॅमेऱ्याची बॅग पुढे घेतली, लेकीला मोठ्या थाटात म्हटलं की आता बघ, आणि बघतो तर गेट बंद. बायको काही बोलली नाही, फक्त बोगमाळोच्या दिशेला हात केला. रस्ता तसाच पुढे बीचला जातो, त्यामुळे तो दिवस वाळूत गेला. माझं लक्ष अर्थातच वर होतं, कारण दाबोळीची धावपट्टी जवळच आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून काहीतरी गडगडत जातं.

मंगळवारी परत गेलो. आईस्क्रीम कबूल करून.

मी प्लास्टिकची स्केल मॉडेल्स बनवतो. गेली वीसेक वर्षं. म्हणजे बनवतो कमी आणि किट विकत घेऊन कपाटात ठेवतो जास्त, हा या छंदाचा सार्वत्रिक नियम आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कपाटावर बायकोला न दिसेल अशा बेताने खोकी रचलेली आहेत त्यांना जास्त सांगायला नको. त्या खोक्यांत सी हॉक या जुन्या लढाऊ जेटचं ट्रम्पेटर कंपनीचं १/४८ स्केलमधलं (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) किट तीन वर्षं पडून होतं. मला ते भारतीय नौदलाचं करायचं होतं, १९७१ च्या डिसेंबरमधलं, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं. डिकल (विमानावरची चिन्हं, चिकटवायची) वेगळे मिळवले, रंग आणले आणि तिथंच गाडं अडलं, कारण इंटरनेटवर सी हॉकचे फोटो ढिगाने आहेत पण सगळे समोरून नाहीतर बाजूने, कोणाचीतरी मुलं पुढे उभी करून काढलेले. मॉडेलवाल्याला काय हवं असतं? त्याला विमानाचं पोट बघायचं असतं. चाकाच्या खळग्यात आत काय आहे, झाकणाची बिजागरी कुठल्या बाजूला, एक्झॉस्टच्या, म्हणजे जाळ बाहेर पडतो त्या भोकाची कड जाड की पातळ. असले फोटो कोण काढणार, ज्याला ते चिकटवायचंय तोच.

दाबोळीचं हे नौदलाचं विमान म्युझियम १९९८ पासून आहे. आत दोन मजली गॅलरी आहे, आणि बाहेर उघड्यावर विमानं ओळीने उभी. त्यात सुपर कॉन्स्टेलेशनसारखं भलंमोठं चार इंजिनांचं धूडही आहे, त्यामुळे सी हॉक पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया 'एवढंसंच?' अशी झाली. लांबी १२ मीटरच्या जरा वर, पंखांचा पसारा ११.८९ मीटर, म्हणजे लांबी आणि रुंदी जवळजवळ सारखीच. उंची २.६४ मीटर. आपल्या घराच्या छतापेक्षाही कमी. पंख सरळ, मागे वळवलेले वगैरे नाहीत. नाक गोल आणि गुळगुळीत, पोट फुगलेलं. भयंकर असं त्यात काही नाही. नीटनेटकं, आटोपशीर, जेवण झाल्यावर शतपावली करणाऱ्या मास्तरांसारखं. मला ते बघताक्षणी आवडलं.

आता थोडा इतिहास, पटकन. इंग्लंडच्या हॉकर कंपनीत सिडनी कॅम यांच्या हाताखाली हे जन्मलं. तेव्हा नाव पी.१०४०, पहिलं उड्डाण २ सप्टेंबर १९४७. ब्रिटिश नौदलाने ते घेतलं, पण हॉकरला तोवर हंटर या दुसऱ्या लढाऊ विमानाची कामं लागली होती, म्हणून पहिली काही विमानं करून त्यांनी पुढचं सगळं उत्पादन कव्हेंट्रीच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे सोपवलं. आपल्या नौदलाने विक्रांतसाठी ते निवडलं आणि १९६० साली वेल्समधल्या ब्रॉडी तळावर ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, व्हाइट टायगर्स. पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने काढून टाकलेली सी हॉकही आपण घेतली. जर्मनांच्या विमानांचं शेपूट जरा उंच असतं, त्यामुळे भारतीय सी हॉक करताना आपलं विमान कुठल्या घराण्यातलं हे आधी बघून घ्यावं लागतं. नाहीतर सगळं बनवून झाल्यावर कोणीतरी येऊन सांगतोच.

तर मी फेरी सुरू केली. नाकाच्या टोकापासून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, दर दोन पावलांवर एक फोटो उभं राहून, एक बसून. ही पद्धत मी चुका करून शिकलोय. आधी आवडतं ते काढत सुटलं की घरी आल्यावर कळतं डाव्या चाकाचे चाळीस फोटो आहेत आणि उजव्याचा एकही नाही.

नाकाखाली, अगदी खालच्या अंगाला, चार तोफांची तोंडं आहेत. २० मिलिमीटरच्या हिस्पानो, प्रत्येकीला २०० गोळ्या. लांबून विमान निःशस्त्र वाटतं कारण काही बाहेर आलेलं दिसत नाही, वाकून बघितलं की चार नळ्या. माझ्या किटमध्ये तिथं प्लास्टिकच्या चार भरीव काड्या होत्या. आता हिशोब बघा, २० मिलिमीटरला ४८ ने भागलं तर साधारण ०.४२ मिलिमीटर. आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या २२ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं भोक ०.४१ मिलिमीटर असतं! सुईचा बाहेरचा व्यासही जवळपास बरोबर येतो. मी औषधाच्या दुकानात जाऊन दोन सुया मागितल्या तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते जाऊ दे. घासून तिरकं टोक काढलं, चार तुकडे केले, झाल्या तोफा.

पण मी ज्यासाठी गेलो होतो ते मागे होतं. म्हणजे खरं तर मागे नव्हतं, तीच तर गंमत आहे.

कुठलंही एका इंजिनाचं जेट डोळ्यासमोर आणा. पुढे हवा आत जाते, मागे शेपटीतून जाळ बाहेर. सी हॉकच्या शेपटीला भोकच नाही. शेपूट निमुळतं होत होत बंद. मग जाळ जातो कुठे? तर पंख जिथे धडाला जोडलेला आहे तिथेच, पंखाच्या मागच्या कडेला, दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे. इंजिन एकच, रोल्स रॉइस नीन, ते पोटात मधोमध बसलेलं. त्याच्या मागून निघणारी नळी दुभागते आणि पायजम्याच्या दोन पायांसारखी डावी-उजवीकडे बाहेर निघते. हवा आत घेण्याचंही तसंच, पंखांच्या मुळाशी पुढच्या कडेला दोन चपटी तोंडं. म्हणजे श्वास आणि उच्छ्वास दोन्ही पंखाच्या मुळाशी, आणि बाकी सगळं शरीर मोकळं.

हे असं का केलं हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं पण तिथं उभं राहिल्यावर समजलं. सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताचीच, नीनची म्हणाल तर पाच हजार पौंडांच्या आसपास, आणि जाळ लांबलचक नळीतून शेपटीपर्यंत न्यायचा तर त्यातली काही वाटेतच वाया जाणार. शिवाय ती नळी शेपटीची सगळी जागा खाणार. नळी आखूड ठेवली की ताकद वाचते आणि मागच्या धडात इंधनाची टाकी बसवता येते. पुढेही टाकी, मागेही टाकी, मध्ये इंजिन, म्हणजे इंधन संपत गेलं तरी तोल फारसा बिघडत नाही. समुद्रावर उडणाऱ्या विमानाला जास्तीचं इंधन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि याच प्रश्नाचं दुसरं उत्तर त्याच आवारात उभं आहे. व्हॅम्पायर. आपल्या नौदलाकडे त्याची दोन सीटांची शिकाऊ आवृत्ती होती. व्हॅम्पायर १९४३ चं. डी हॅव्हिलंडवाल्यांनी नळी आखूड ठेवायची म्हणून शेपूटच कापून टाकलं, म्हणजे धड संपतं तिथेच जाळ बाहेर, आणि शेपटीचे पंख दोन बाजूंच्या दोन दांड्यांवर मागे नेऊन टेकवले. जणू कोणी पालखी उचललीय. आणि ते मधलं धड, तुम्हाला सांगतो, लाकडी आहे! प्लायवूड आणि बाल्सा. जेटला लाकडी अंग. मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, मग जळत नाही का? या प्रश्नावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं, मी म्हटलं जाळ मागे जातो ना. तिला पटलं नाही ते दिसलंच.

तर एक्झॉस्ट. साखळीच्या अलीकडून वाकून, जवळपास रांगत मी बघितलं. भोकाची कड पातळ, आणि भोकाच्या मागे धडाच्या बाजूला पेनाच्या निबसारखा एक निमुळता उंचवटा मागे जातो. इंग्रजीतही त्याला पेन-निबच म्हणतात. हा जाळ धडाला लागून वाहतो त्याला नीट वाट करून देण्यासाठी. मागच्या भागाला उष्णता सोसणारा पत्रा. किटमध्ये हा निब होता, पण मी तीन वर्षं तो बघून समजत होतो की हा साच्याचा उरलेला प्लास्टिकचा भाग आहे, घासून काढायचा! खरंच सांगतो, सँडपेपर हातात घेऊन बसलो होतो एकदा, फोन आला म्हणून उठलो. त्या फोनवाल्याचे आभार. तो क्रेडिट कार्ड विकत होता.

आणखी एक गोष्ट जी फोटोत कधीच कळत नाही, ती म्हणजे पत्रा. मॉडेलवाले पॅनेल लाइनवरून भांडतात ते तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सुखी आहात. विमानाच्या पत्र्यांचे सांधे किटवर रेघा कोरून दाखवलेले असतात. किटवरची रेघ चांगली बारीक म्हणजे ०.२ मिलिमीटर धरा. त्याला ४८ ने गुणा. जवळपास एक सेंटिमीटर. म्हणजे किटप्रमाणे खरं विमान असतं तर त्याच्या पत्र्यांच्या फटीत करंगळी गेली असती. प्रत्यक्षात सी हॉकच्या अंगावर बऱ्याच ठिकाणी सांधा शोधायला लागतो. उन्हाचा कोन बदलला की दिसतो, नाहीसा होतो. त्याच्याऐवजी दिसतं काय, तर पत्र्याचं हलकंसं लहरणं, दोन रिव्हेटांच्या ओळींमध्ये किंचित बसका भाग, जुन्या स्टीलच्या डब्यावर असतं तसं. ही लहर कुठल्याच किटमध्ये नसते. मी दुपारी साडेबारापर्यंत ती बघत होतो, टोपी विसरलो होतो, मान भाजली.

रंगाचं सांगतो. नौदलाची ही विमानं वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून स्काय अशा रंगांत होती. हे स्काय प्रकरण फसवं आहे. नाव ऐकून नवशिके आकाशी निळा आणतात (मी आणला होता, २००६ साली, दुसऱ्या एका विमानासाठी, तो डबा अजून आहे). स्काय हा फिकट हिरवट पिवळट रंग आहे, ताकात चिमूटभर कोथिंबिरीचा रस मिसळला तर होईल तसा. पण म्युझियममध्ये उघड्यावर उभ्या विमानाचा रंग बघून मॉडेल रंगवणं म्हणजे फसवणूक करून घेणं. गोव्याचा पाऊस, खारा वारा, ऊन, यात कुठलंही विमान टिकायचं तर त्याला पुन्हापुन्हा रंग चढवावाच लागतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर ते बघायला उरलंच नसतं. मंदिरातल्या शेंदूर लावलेल्या मारुतीसारखं आहे हे. आत मूर्तीला नाक आहे की नाही ते शेंदूर सांगत नाही.

मग मी नक्की कशाची नक्कल करतोय असा प्रश्न पडला. समोर उभं आहे ते विमान आजच्या रूपातलं, २०२० नंतरचं आहे. त्याने लढाई बघितली असेल-नसेल पण निवृत्ती नक्की बघितली. मला हवंय ते ४ डिसेंबर १९७१ च्या दिवसाचं. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला भेगा पडलेल्या, जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नाही, आणि तशात बंगालच्या उपसागरातून वाफेच्या कॅटापल्टवरून, म्हणजे विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, ही विमानं सुटतायत आणि पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला करून परत येतायत, मग चितगाव, मग पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला. स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांनाही. एकही सी हॉक गमावलं नाही. ज्या विमानाला तोपर्यंत बाकीच्या जगाने भंगारात काढलं होतं. त्या दिवसांत या पत्र्यावर काय असेल? मीठ. तेलाचे ओघळ. तोफांच्या धुराची काजळी नाकाखाली. एक्झॉस्टच्या मागे पत्र्यावर जळका डाग. यातलं काहीही आज दाबोळीत दिसणार नाही, आणि तरी पत्र्याचा आकार, भोकाची कड, निबाचा उतार मात्र तोच आहे. आकार म्युझियमकडून घ्यायचा आणि मळ जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंतून, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

(विक्रांतवर मी कॉलेजात असताना गेलो होतो. मुंबईत तिचं म्युझियम होतं, २००१ ते २०१२. तेव्हा मी विमानांपेक्षा बरोबर आलेल्यांकडे जास्त लक्ष देत होतो, त्यामुळे एकही फोटो नाही. २०१४ मध्ये दारूखान्यात तिचं तोडकाम सुरू झालं आणि तिचं थोडं पोलाद पुढे बजाजच्या व्ही नावाच्या बाइकमध्ये गेलं. माझ्या सोसायटीत एकाकडे आहे ती बाइक. मी कधीकधी जाता जाता टाकीवर हात ठेवतो. त्याला वाटतं मला बाइक विकत घ्यायचीय.)

सी हॉकपासून पुढे गेलं की सी हॅरिअर. ३०० स्क्वाड्रननेच १९८३ मध्ये सी हॉक सोडून सी हॅरिअर घेतलं. तेही मुळात हॉकरचं, त्याच सिडनी कॅम यांच्या काळातल्या आराखड्यातून आलेलं. आता मी सी हॉकचा पायजमा नुकताच बघून आलो होतो म्हणून असेल, पण हॅरिअरच्या बाजूला उभा राहिलो आणि हसूच आलं. हॅरिअरच्या अंगाला चार नोझल (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी तोंडं), दोन पुढे दोन मागे, आणि मागच्या दोघांकडे जाळ जातो तो कसा? दुभागून, डावी-उजवीकडे. तोच पायजमा. फक्त आता पाय फिरवता येतात, खाली केले की विमान जागच्या जागी उचललं जातं. १९४७ मध्ये जी युक्ती इंधनाची टाकी बसवण्यासाठी केली, तशीच रचना पुढे उभं उडायला उपयोगी पडली. कोणी मुद्दाम दोन्ही विमानं जवळजवळ ठेवलीयत की योगायोग, माहीत नाही, पण बघणाऱ्याने एक झाल्यावर लगेच दुसरं बघावं.

आणि त्या नीन इंजिनाची एक कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने हे इंजिन रशियाला विकलं. विकलं म्हणजे खरंच विकलं, रीतसर. रशियनांनी त्याची नक्कल केली आणि मिग-१५ मध्ये बसवली, ती विमानं कोरियात ब्रिटिशांच्याच दोस्तांवर तुटून पडली. म्हणजे सी हॉकच्या पोटात जे आहे त्याचाच भाऊ मिगच्या पोटात. आणि ३०० स्क्वाड्रन आज काय उडवते? मिग-२९के. घराणी अशी फिरून फिरून सोयरिक करतात.

लेक कंटाळली होती. तिला मी विमानाच्या बाजूला उभं केलं, तिला वाटलं फोटो काढतोय, खरं म्हणजे मी मोजमाप घेत होतो. तिची उंची तेव्हा बरोबर चार फूट. फोटोत ती असली की बाकी सगळं तिच्यावरून मोजता येतं. पंखाची कड तिच्या कुठे येते, चाक किती मोठं, हवेचं तोंड किती उंचीवर. बायको म्हणाली पोरीची फुटपट्टी केलीस. १/४८ मध्ये ती अडीच सेंटिमीटर होते.

येताना वास्कोच्या बाजारात गळाला लावायची शिशाची वजनं घेतली, शंभर ग्रॅम. मासे मला पकडता येत नाहीत. पण तीन चाकांवर उभं राहणाऱ्या विमानाचं मॉडेल नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतं, कुत्रं बसतं तसं, आणि एकदा धड चिकटवलं की मग काही करता येत नाही.

परतीला कुडाळला थांबलो, मामाकडे. मामा नौदलात होता, विमानांचा मेकॅनिक, १९७२ मध्ये भरती. सी हॉकवर काही वर्षं दाबोळीत आणि काही विक्रांतवर काम केलं. तो हे सांगतानाच सांगून टाकतो की मी युद्धात नव्हतो हां, लोक उगाच समजतात. मी कॅमेऱ्यातले सातशे फोटो दाखवले. तो चष्मा लावून बघत होता आणि मला वाटलं आता आठवणी निघतील, डोळे पाणावतील. मामा म्हणाला, "सगळा कसा स्वच्छ दिसता."

मग सांगायला लागला. समुद्रावर सगळ्यात मोठं काम म्हणजे मीठ. गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं, आणि जहाजावर गोडं पाणी मोजून. रंगाचा विषय मी काढला, एक्स्ट्रा डार्क सी ग्रे नक्की किती गडद होता, नव्या आणि जुन्या पॅचमध्ये फरक दिसायचा का. मी वहीही काढली होती. मामाने जरा विचार केला. "ग्रे होतो," म्हणाला.

पंख घडी घालण्याचं मात्र त्याने हाताने करून दाखवलं, दोन्ही हात कोपरातून वर. उघडे असताना पावणेबारा मीटरच्या वर, मिटले की जेमतेम चार मीटर. विक्रांतच्या पोटात विमानं ठेवायची तर ते लागणारच. डेकवर वारा असला की मिटलेले पंख शिडासारखे ओढतात, म्हणून चाकांना साखळ्या, त्या घट्ट बसल्यात ना ते रात्री उठून बघायचं. बोटं अजून तेलकट असल्यासारखा तो ती लुंगीला पुसत होता, बोलता बोलता.

घरी येऊन मी तीन महिन्यांत मॉडेल केलं. माझ्यासाठी हा विक्रम आहे. पंख मिटलेले ठेवले कारण मामाचे ते दोन हात डोळ्यासमोर होते. निब शाबूत. तोफा सुयांच्या. पत्र्याची लहर दाखवण्यासाठी राखाडी रंगात पांढऱ्याचे अगदी पातळ ठिपके आधी मारले आणि मग वरून पातळ थर, एअरब्रशने, अकरा वेळा. एक्झॉस्टमागचा जळका डाग करायला मी पेस्टल खडूची पूड वापरली आणि ती जागा मला अजून रात्री उठून बघावीशी वाटते, इतकी चांगली जमलीय. नाकात शिसं. विमान तीन चाकांवर उभं. शेपटीखाली हुक खाली सोडलेला, उतरताना डेकवरच्या दोराला अडकून विमान थांबवतो तो, कारण हुक खाली असला की रुबाबदार दिसतं.

फोटो काढून मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दोन दिवस निळ्या खुणा आणि उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज. आधी खोकला, मागे कोंबडा, मग: "बरा केलंस. पण हुक खाली कित्याक? पंख मिटलेले आणि हुक खाली? दोर सुटलो की हुक पयलो वर घेतत, मग विमान बाजूक घेतत, मग पंख. असो हुक खाली सोडून कोण उभो करता?"

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. मी सातशे फोटो काढले होते, ०.४१ मिलिमीटरचा हिशोब केला होता, आणि विमान उतरल्यावर काय क्रमाने काय होतं हा साधा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण माझ्या डोक्यात विमान कधी उतरलेलंच नव्हतं, ते कायम टेबलावर होतं.

रात्री जेवण झाल्यावर हुक काढायला बसलो. ब्लेडचं टोक सांध्यात घातलं, हलकेच उचकटलं, अजून जरासं, आणि टिक् असा आवाज आला. हुक उडाला. फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला, नक्की ऐकला, कपाटाच्या बाजूला. मोबाइलचा टॉर्च लावून पोटावर झोपून शोधलं. खाटेखाली लेकीचं खोडरबर मिळालं, मागच्या दिवाळीतली टिकली मिळाली, २००६ च्या त्या विमानाचं एक चाक मिळालं. झाडूने केर काढून चाळणीतून चाळला. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

याला आता पाच महिने झाले. सी हॉक काचेच्या कपाटात आहे, शेपटीखाली दोन मिलिमीटरचा गोंदाचा डाग आहे. तारेचा हुक करून लावता येईल, माहितीय. पण तो खोलीतच आहे ना कुठेतरी. मामा दर रविवारी आईला फोन करतो, मग आई फोन माझ्याकडे देते आणि तो तब्येत वगैरे न विचारता आधी तेच विचारतो.

"हुक गावलो काय रे?"